चार रविवारांची अट

लोणखेडा
दि. १४ डिसेंबर २०२५, रविवार

प्रति,
सौ. चेतना नवनीत पाटील,
मुक्काम माहेर, ब्राह्मणपुरी.

विषय : पहिला रविवार पूर्ण केल्याबाबत.
संदर्भ : आपला दि. ८ डिसेंबरचा तोंडी आदेश.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं पत्रंच लिहीत आलो, त्यामुळे हात आपोआप असाच वळतो. हसायचं असेल तर हस. भिला रोज सकाळी तुझ्या गावाहून दूध घेऊन येतो आणि रिकामे कॅन घेऊन परत जातो, त्याच्या हाती देतोय. आपल्याला वाचता येत नाही असं तो सांगतो. खरं मानून चालू.

तुझी अट मला पाठ आहे. सोमवारी बॅग उचलताना तू म्हणालीस, "चार रविवार तिला घेऊन बाहेर जा. दिवसाउजेडी, लोकांमध्ये. मग मी येते. पोरगी तुमची आहे हे आधी तुम्हाला कळू द्या." बारा वर्षांची पोर, जिला उठून बसता येत नाही, एक शब्द बोलता येत नाही, तिला बापाच्या गळ्यात टाकून आई माहेरी निघून जाते, हे मी आजवर कुठे ऐकलेलं नाही. आणि कशावरून, तर सारंगखेड्याच्या यात्रेत माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दावरून. गेला शब्द. माणसाच्या तोंडून जातो.

तर पहिला रविवार झाला. आज सकाळी साडेसहाला फाल्गुनीला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागून शेजारच्या शांतीबाईंनी धरलं आणि शेतावर नेलं. हरभरा दाखवला, विहीर दाखवली. आठच्या आत घरी परत. उजेड होता. लोकही होते, दोन जण बांधावरून जाताना दिसले.

बाकी सगळं ठीक. शाळेच्या वेळात शांतीबाई बसतात. पाचला मी घरात शिरलो की त्या जातात आणि दार लागतं, ते दुसऱ्या दिवशीच उघडतं. गुरुवारी मीठ संपलं. दुकान चाळीस पावलांवर आहे, पण तिला एकटी टाकून जाता येईना, ओरडून कुणाला सांगायची लाज वाटली. अळणी खिचडी खाल्ली दोघांनी. दाढी करायला सलूनमध्ये गेलेलो नाही. आरशात बघितलं तर कुणीतरी तुरुंगातून सुटून आल्यासारखा दिसतो, फक्त सुटलेलो नाही.

काल तिच्या खाटेवर अर्धा तास आडवा झालो. तिथून खिडकीत शेजाऱ्याच्या भिंतीचा गिलावा दिसतो, दुसरं काही दिसत नाही. एक पाल होती, तीही निघून गेली. खाट तिथे मीच टाकली होती, हे मला आठवतं. पुढच्या खोलीत येणारे-जाणारे बसतात म्हणून.

तू भिंतीवर चिकटवलेली यादी रोज वाचतो. औषध किती वाजता, कुठल्या कुशीवर झोपवायचं. शेवटी लिहिलं आहेस, 'हो' म्हणायचं असेल तर वर बघते, 'नाही' म्हणायचं असेल तर तोंड फिरवते. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, उगीच इकडेतिकडे बघते.

आपला विश्वासू,
नवनीत


लोणखेडा
दि. २१ डिसेंबर २०२५, रविवार

विषय : पहिला रविवार नामंजूर झाल्याबाबत व दुसऱ्याचा अहवाल.

माझ्याच पत्राच्या मागे तू एक ओळ लिहून पाठवलीस. "शेतावर माणसं कोण होती?" बरं. तो रविवार रद्द समज. तू शाळेत साहेब असतीस तर माझी एक रजा मंजूर झाली नसती.

आज उखाची रिक्षा ठरवली. पोरीला मांडीवर घेतलं, दोन्ही बाजूंचे पडदे सोडले आणि शहाद्याच्या बाजारातून मोठा फेरा मारून आणला. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत. आता तरी हरकत नसावी.

हे एवढंच लिहून थांबणार होतो. पण उखाचं तोंड तुला माहीत आहे, तो आज ना उद्या तुला सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो. बाजारात त्याने रिक्षा थांबवली, मागे वळला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, पडदामा पोरले काय दिखी? वहिनी ते पडदा वरच बांधी ठेवस."

मी म्हटलं, तिला ऊन लागतं. त्याने आरशातून ज्या नजरेने पाहिलं ते मला आवडलं नाही. परत येईपर्यंत मी आतून रिक्षाचं रेग्झीन बघत होतो, फाल्गुनीही तेच बघत होती. घरातल्या गिलाव्याच्या जागी रेग्झीन, एवढाच फरक.

घरी आल्यावर उखाने विचारलं, खुर्ची का नाही घेतली? मी म्हटलं, शिबिरात मिळालेली ती चाकांची खुर्ची दारातून निघत नाही, तीन वर्षं मागच्या खोलीत पोत्यांखाली पडून आहे. तो आत गेला, पोती बाजूला केली, खुर्चीची घडी घातली आणि एका मिनिटात अंगणात आणून ठेवली. चाकांना वंगण होतं. पोती फक्त वर टाकलेली होती.

चेतना, तू कधी बसलीस उखाच्या रिक्षात? हे विचारतो आहे, रागावलो नाही. थोडा रागावलो आहे.

नवनीत


लोणखेडा
दि. ४ जानेवारी २०२६, रविवार

विषय : प्रकाशा येथील सहलीबाबत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. पडदे सोडलेला रविवारही धरला नाहीस. "पडद्यात कसली माणसं" असं भिलाजवळ तोंडी सांगून पाठवलंस, म्हणजे आता दूधवाल्यालाही आपल्या घरातला हिशोब कळला. मागच्या रविवारी कुठे गेलो नाही. तिला सर्दी होती असं लिहिणार होतो. तिला काही झालं नव्हतं. मला धडकी भरली होती.

आज मात्र गेलो. उखाची रिक्षा, टपावर खुर्ची बांधलेली, पडदे वर. सोबत भाकरी, ठेचा, तिच्यासाठी मऊ खिचडीचा डबा, दोन जोडी कपडे, जुनं धोतर फाडून केलेले फडके. प्रकाशाला केदारेश्वराच्या बाहेर खुर्ची उभी केली. आत पायऱ्या आहेत, मी तिला उचलून नेलं. बारा वर्षांच्या मुलीचं वजन किती असतं हे मला काट्यावरचं माहीत होतं, हातांना आज कळलं. तू उचलतेस ना? पाठ दुखते म्हणायचीस तेव्हा मी बाम आणून दिला होता, असं मला अभिमानाने आठवत होतं.

तापीवर वारा छान होता. तिने पाण्याकडे बघितलं. एक बगळा उडाला तेव्हा हसली, तो मोठ्याने येणारा हसण्याचा आवाज केला, चार लोकांनी वळून पाहिलं. मी खुर्ची तिथून हलवली नाही. हे मुद्दाम लिहितो.

सहल उत्तम झाली. खर्चही फार नाही. हा रविवार धरावा.

नवनीत


लोणखेडा
दि. ७ जानेवारी २०२६, बुधवार

चेतना,

भिलाने तुझी चिठ्ठी आणली. "उखाभाऊ सांगून गेले. तुम्ही लिहा." आज विषय, संदर्भ काही नाही. लिहितो.

बगळा उडाल्यानंतर थोड्या वेळाने तिचे कपडे ओले झाले. बदलायचे कुठे? मोठी मुलगी, चारी बाजूंनी माणसं. बायकांच्या आडोशाला मी जाऊ शकत नव्हतो, पुरुषांकडे तिला नेऊ शकत नव्हतो. फडके हातात घेऊन उभा राहिलो. अशा वेळी आपण किती एकटे असतो ते मला आधी माहीत नव्हतं. नारळाच्या दुकानातून एक बाई उठून आल्या आणि थेट म्हणाल्या, "हाई ते फाल्गुनी शे! चेतनाताई कोठे शे?"

त्या रमिलाबाई. तू ओळखतेस हे मी तुला काय सांगू. त्यांनी दुकानामागे साडीचा पडदा धरला, सगळं केलं, मला हातही लावू दिला नाही. आणि करता करता बोलत राहिल्या. दर महिन्याला एका मंगळवारी मायलेकी येतात. खुर्ची घेऊन, उखाच्या रिक्षात. घरची भाकरी खातात, नदी बघतात, तीनला निघतात. पाचच्या आत घरी. मी यायच्या आत. फॉल-पिकोचे पैसे तू कुठे घालवतेस असं मी विचारायचो आणि तू म्हणायचीस, जातात कुठेतरी.

मग त्यांनी विचारलं, "हिना बाप ते सुरतले ऱ्हास ना? तुमी कोन?"

चेतना, माझ्यापुढे एकच खरा शब्द होता. मी म्हटलं, मामा.

तुला खोटं पाडायचं नव्हतं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. तो शब्द तोंडात तयारच होता.

रमिलाबाई फाल्गुनीशी बोलतात, आपल्यासारखं तिच्या डोक्यावरून नाही. त्यांनी तिलाच विचारलं, "बेटा, हाऊ तुन्हा मामा शे का?" फाल्गुनीने तोंड फिरवलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी गडबडून म्हटलं, अहो मी बाप आहे तिचा. त्यांनी परत तिला विचारलं, "मंग बाप शे का?"

तिने परत तोंड फिरवलं.

मग काय व्हायचं ते झालं. त्यांनी हाका मारल्या, दहा-पंधरा माणसं जमली. बोलता न येणारी पोरगी, सोबत दाढी वाढलेला माणूस, आधी मामा म्हणतो, मग बाप म्हणतो आणि पोर दोन्हीला नाही म्हणते. मीही असतो तर धरलं असतं. एकाने कॉलर धरली. दुसरा जरा समजूतदार होता, तो म्हणाला, मोबाइलमधला पोरीचा फोटो दाखवा, विषय मिटला.

मी मोबाइल काढला. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांचे एकवीस फोटो निघाले. शाळेच्या झेंडावंदनाचे निघाले. नव्या मोटरसायकलचे निघाले. तिचा एकही नाही. मी खाली-वर सरकवत राहिलो, माणसं बघत राहिली.

उखा चहा पिऊन परत आला म्हणून सुटलो. तो म्हणाला, "सोडा त्यास्ले. मी वळखस. हाऊ तिना बापच शे." रिक्षावाल्याच्या साक्षीने मी बाप ठरलो.

दोन दिवस तुझ्यावर संतापलो होतो. जिवंत, घरात राहणाऱ्या नवऱ्याला तू सुरतला धाडलंस. मग जेवताना कळलं. तू मला निदान दूरच्या गावी का होईना, बाप म्हणून ठेवलं होतंस. मी तिला दुसऱ्याच्या घरी देऊन टाकलं होतं.

तो शब्द आता लिहितो. यात्रेत आमच्या शाळेचे करणसिंग सर बायकोसह समोर आले. फाल्गुनी तुझ्या खांद्यावर होती. त्यांनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, मेव्हण्याची पोर आहे, आमच्याकडे आलीय. म्हणताना मी घोड्याकडे बघत होतो. म्हणून तिने कुठे बघितलं ते मला दिसलं नाही. तुला दिसलं असणार.

तिला सगळं कळतं असं तू बारा वर्षं सांगतेस. मी मान डोलवायचो.

सोमवारी सकाळी खाट पुढच्या खोलीत आणली. रस्ता दिसतो. शाळेत जाणारी पोरं खिडकीपाशी थांबतात, मला ते अजून सहन होत नाही, आत ओढून घ्यावंसं वाटतं. ओढत नाही.

नवनीत


लोणखेडा
दि. १८ जानेवारी २०२६, रविवार

चेतना,

दर वर्षी जानेवारीत आमच्या शाळेची भरीत पार्टी होते ती तुला ऐकून माहीत आहे. करणसिंग सरांच्या शेतात. सगळे घरच्यांना घेऊन येतात. मी बारा वर्षं एकटा जातो. घरच्यांना बरं नसतं, असं सांगतो. तू एकदा विचारलं होतंस, आम्हाला का नेत नाही? मी म्हटलं होतं, तिथे धूर असतो, तिला सोसणार नाही.

आज तिला नेलं. आदल्या दिवशी दाढी केली, शांतीबाईंनी तिच्या दोन वेण्या घातल्या. निघताना मी तिला विचारलं, यायचं का? आधी कधी विचारलं नव्हतं, उचलायचो आणि न्यायचो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग वर बघितलं.

शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा मोठा जाळ केला होता, त्यात वांगी भाजायला टाकलेली. बायका पलीकडे कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या. आमची रिक्षा बांधावर थांबली आणि मी खुर्ची उतरवली तेव्हा बोलणी थांबली, निदान मला तसं वाटलं. ढेकळांतून खुर्ची चालेना. उखाने पुढून धरली, मी मागून. तेवढं शंभर पावलांचं अंतर मी आयुष्यात विसरणार नाही. परत फिरावं असं दोनदा वाटलं. बांधावरच ठेवावं, लांबून दाखवावं, असंही वाटलं. पाय मात्र खुर्चीमागे चालत राहिले, कारण तिला धरलेलं होतं, सोडता येत नव्हतं.

करणसिंग सर वांगी ठेचत होते, लाकडी बडगीत. मी त्यांच्यासमोर खुर्ची नेली. पाठ करून गेलो होतो, तसंच म्हटलं. सर, यात्रेत मी तुमच्याशी खोटं बोललो. ही मेव्हण्याची नाही. ही माझी मुलगी, फाल्गुनी.

मला वाटलं होतं, ते चमकतील. चार लोक काहीतरी बोलतील आणि मी ते ऐकून घेईन. त्याची तयारी केली होती. सरांनी मुसळ बाजूला ठेवलं, हात पुसले आणि अगदी हळू म्हणाले, "भाऊसाहेब, आम्हले पहिलाफाईन मालूम शे. आख्खी शाळाले मालूम शे. तुमी सांगतस नही, म्हनीसन आमी ईचारतस नही."

मी तिथेच ढेकळात बसलो.

सगळ्यांना माहीत होतं. तिच्या जन्मापासून. दर वर्षी मी एकटा यायचो, घरच्यांना बरं नाही म्हणायचो आणि ते सगळे मान डोलवायचे, माझी लाज राखायची म्हणून. ज्यांच्यापासून लपवायला मी तिची खाट भिंतीकडे टाकली, खुर्चीवर पोती टाकली, तुला मंगळवारी चोरासारखं नदीवर जायला लावलं, त्यांच्यापासून काहीच लपलेलं नव्हतं. बारा वर्षं, चेतना. तुम्ही दोघी कोंडल्या गेलात आणि बाहेर कुणीही पहाऱ्यावर नव्हतं. दार मीच धरून उभा होतो.

मी रडलो. स्टाफसमोर. लिहायला लाज वाटते पण लिहितो. सरांच्या बायकोने फाल्गुनीला सावलीत घेतलं, तिच्याशी बोलत बसल्या, पोरं तिच्या खुर्चीभोवती जमली. एक पोरगी तिच्या चाकांना हरभऱ्याची डहाळी बांधत होती. फाल्गुनी तो मोठा आवाज करून हसत होती. कुणी वळून पाहिलं नाही. सगळे जेवत होते.

भरीत मऊ असतं, ती छान खाते, हे तुला सांगायला हवं का? अर्धी वाटी खाल्लं. मी भरवलं.

परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, तुझ्या बापाचं चुकलं. तिने ऐकून घेतलं. विचारलं काही नाही तिला मी. मला ती 'हो' म्हणेल म्हणून विचारायचं आणि नाही म्हणाली की तोंड पाडायचं, असं तिच्यावर आणखी एक ओझं नको.

आता तुझी अट. शेत तू धरलं नाहीस, पडदे धरले नाहीस. प्रकाशा धरलंस की नाही, कळवलं नाहीस. गेल्या रविवारी आम्ही घरीच होतो. आज चौथा की दुसरा, ते माझ्या वहीत लिहिलेलं नाही. मी आज 'तू ये' असं लिहायला बसलो होतो. तुझ्याशिवाय मला घर चालत नाही, हे खरं आहे. पाचला दार लावलं की अजूनही जीव गुदमरतो. पण तू आलीस की मी हळूच पुन्हा संध्याकाळी बाहेर निघून जाईन आणि तू आत राहशील, अशी मला माझीच भीती वाटते. म्हणून 'ये' लिहीत नाही.

त्याऐवजी आम्ही येतो. तिच्या मामाच्या गावी मी तिला एकदाच आणलं होतं, जावळाला, अंधार पडल्यावर, शालीत गुंडाळून. येत्या रविवारी सकाळी दहाला उखा आम्हाला ब्राह्मणपुरीच्या वेशीवर सोडेल. तिथून मी खुर्ची ढकलत येईन, मारुतीच्या पारावरून, पिठाच्या गिरणीवरून, तुमच्या सगळ्या गल्लीतून. जो विचारेल त्याला सांगेन.

तू दार उघडलं नाहीस तरी चालेल. थोडा वेळ अंगणात थांबू आणि त्याच रस्त्याने परत जाऊ. तेवढीच तिची सहल होईल.

नवनीत